पनीर सुशीच्या पलीकडे

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जपानी हॉटेलचं मेन्यूकार्ड उघडून शाकाहारी पानावर यावं. काकडी-अ‍ॅव्होकाडो रोल, क्रीम चीज रोल, तिखट मेयॉनीज घातलेला शतावरीचा टेम्पुरा रोल आणि कित्येकदा चक्क पनीर सुशी. थाई हॉटेलात हिरवी करी दोनदा छापलेली असते, एकदा चिकन किंवा कोळंबीची आणि एकदा भाज्यांची. भाज्या ठरलेल्या: ब्रोकोली, बेबी कॉर्न, मशरूम. मूळ पदार्थातले मासे-मांस काढायचे, रिकाम्या जागी हाताला येईल ते भरायचं आणि शेजारी हिरवा ठिपका काढायचा, की शाकाहारी पान तयार.

टेबलावरचं एखादं ज्येष्ठ माणूस हमखास विचारतं, "यात मासे वगैरे नाहीत ना?" वेटर अदबीने सांगतो, "नाही आजी, प्युअर व्हेज." त्या शब्दावर विसंबून पहिला घास तोंडात जातो. वेटरला कुणाला फसवायचं नसतं. वाटणात काय आहे आणि सूप कशाच्या पाण्यात शिजलंय, हे बहुतेकदा त्यालाच कुणी सांगितलेलं नसतं.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ सालच्या पाहणीनुसार महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आहेत. शनिवारी रात्री सहा जणांचं कुटुंब जपानी किंवा थाई हॉटेलात जातं, तेव्हा त्यातले दोघं-तिघं शाकाहारी असण्याची शक्यता दाट. ही मंडळी पैसे तेवढेच मोजतात आणि त्या देशाची चव मात्र न घेता घरी परततात. खरं तर जपान आणि थायलंड या दोन्ही देशांत शतकानुशतकं जपलेली, मुरलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली शाकाहारी पाककला आहे. ती आपल्या हॉटेलांत आणण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही, आणि गिऱ्हाईकही ती मागत नाही.

या हॉटेलांना आता बराच काळ लोटला आहे. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात 'थाई पॅव्हिलियन' सुरू झालं १९९३ मध्ये. शेफ आनंद सॉलोमन यांनी गलांगल, लेमनग्रास, मकरूट लिंबाची पानं मुंबईकरांच्या ओळखीची केली. पुण्यात कोरेगाव पार्कात 'मलाका स्पाइस' १९९७ पासून आग्नेय आशियाची चव देत आलं. ताजमहाल हॉटेलात 'वसाबी' आलं २००४ मध्ये. एके काळी केवळ पंचतारांकित असलेली ही हौस पुढे मॉलमध्ये उतरली आणि आता मोबाइलवरून दारात येते. तीस वर्षांत इतकं सगळं बदललं. शाकाहारी पान मात्र जिथल्या तिथे राहिलं.

आधी आजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर पाहू.

जपानी स्वयंपाकाचा पाया आहे दाशी. हे एक हलकं, पारदर्शक, जेमतेम रंगाचं पाणी. आपल्याकडे फोडणी जशी दिसत नाही पण सगळीकडे असते, तशी ती. सर्वसाधारण दाशी दोन गोष्टींची बनते. एक कोम्बू, म्हणजे होक्काइदोच्या थंड समुद्रातलं वाळवलेलं जाड शेवाळ. दुसरी कात्सुओबुशी. आपल्या कुप्याच्या कुळातला कात्सुओ मासा उकडतात, काटे काढतात, पुनःपुन्हा धुरी देतात, वाळवतात. उत्तम प्रतीच्या तुकड्यावर बुरशीही चढवतात. काही महिन्यांनी तो लाकडाच्या ढलपीइतका टणक होतो. मग रंध्यासारख्या पात्यावर घासून त्याचे कागदासारखे पातळ गुलाबी पापुद्रे काढतात. कोम्बू मंद आचेवर ठेवायचा, उकळी फुटायच्या आत काढायचा, पापुद्रे टाकायचे, मिनिटभराने गाळून घ्यायचं. पाण्यात माशाचा कणही दिसत नाही, चव मात्र पुरी उतरलेली असते.

ही दाशी मिसो सूपमध्ये असते. टेम्पुरासोबत येणाऱ्या पातळ बुडवणीत असते. थंड सोबा नूडल्सच्या वाटीत, तळलेल्या टोफूभोवतीच्या रश्शात, पालकाच्या कोशिंबिरीतही असते. म्हणजे भाज्यांचा टेम्पुरा मागवला, शेजारच्या वाटीत तो बुडवला, की मासे पोटात गेलेच.

थाई स्वयंपाकात हेच काम नाम प्ला करतं. मांदेलीच्या कुळातले छोटे मासे आणि मीठ पिंपात भरून वर्ष-दीड वर्ष आंबवायचं. जे तांबूस, पारदर्शक पाणी सुटतं ते नाम प्ला. थाई स्वयंपाकी मिठाला हात लावतो त्याहून जास्त वेळा या बाटलीला लावतो. त्याच्या जोडीला कापी: जवळा मीठ लावून आंबवायचा, कुटायचा, वाळवायचा, की जांभळट-करड्या रंगाचा गोळा तयार होतो. कोकणातल्या माणसाला त्याचा वास परका वाटणार नाही. हिरव्या करीच्या पारंपरिक वाटणात हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, गलांगल, लेमनग्रास, कोथिंबिरीची मुळं, धणे-जिरे यांच्याबरोबर कापीही कुटलेली असते. बाहेरून डब्यात आलेलं तयार वाटण वापरलं, तर ती बहुधा आधीच त्यात असते. वरून ब्रोकोली घाला नाहीतर चिकन, वाटण तेच.

नीट चालणाऱ्या स्वयंपाकघरांत शाकाहारी वाटण वेगळं कुटतात, नाम प्लाऐवजी सोया सॉस घालतात, कढयाही वेगळ्या ठेवतात. अशी हॉटेलं आहेत आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण गिऱ्हाइकाला हे कळावं कसं? हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे, असं हॉटेलचं म्हणणं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनी दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर उष्मांक छापण्याचं आणि अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देण्याचं बंधन घातलं. त्या घटकांत मासे आहेत, कोळंबी-खेकडे आहेत, शेंगदाणे आणि सोयाही आहे. एकटंदुकटं हॉटेल बहुधा या बंधनातून सुटतं. परंतु कायदा सांगत नाही म्हणून लिहू नये असं थोडंच आहे? 'आमची शाकाहारी दाशी कोम्बू आणि शिताके आळिंबीची आहे. आमच्या शाकाहारी वाटणात कापी नाही' अशी दोन वाक्यं कार्डाच्या तळाशी छापायला खर्च येत नाही. ज्यांना ती छापता येत नाहीत, त्यांनी हिरवा ठिपकाही छापू नये.

ही किमान अपेक्षा झाली. तिच्यावर थांबणं म्हणजे शाकाहारी माणसाला 'तुझ्या ताटात मासा नाही' एवढ्यावर समाधान मानायला लावणं. ताटात काय आहे, हा खरा प्रश्न.

जपान मासे खाणारा देश आहे, पण मांसाशी त्याचं नातं मोठा काळ अवघडलेलं होतं. ६७५ साली सम्राट तेन्मु याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या काही महिन्यांपुरती बंदी घातली. बौद्ध विचाराच्या छायेत अशा बंद्या कमी-अधिक कडकपणे बारा शतकं येत-जात राहिल्या. सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याची बातमी १८७२ मध्ये आली, तेव्हा कुठे हवा बदलली. या एवढ्या काळात बौद्ध मठांनी मासे, मांस, अंडी आणि कांदा-लसूणही वर्ज्य करून एक संपूर्ण पाकशास्त्र उभं केलं. त्याचं नाव शोजिन र्योरी.

झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या मुख्य आचाऱ्यासाठी एक पुस्तिका लिहिली, 'तेन्झो क्योकुन'. मठातल्या आचाऱ्याचं काम त्यांनी साधनेच्या बरोबरीचं मानलं. तांदूळ निवडताना खडा कसा पाहावा, भांडी कुठे ठेवावीत, उद्याची तयारी आज रात्री कशी करावी, इतक्या बारकाव्यात ती जाते. साध्या रानभाजीचा रस्सा करताना तिला कमी लेखू नये आणि उंची साहित्य हाती आलं म्हणून हुरळूही नये, असं त्यात बजावलं आहे. आठशे वर्षांपूर्वी भाजीला इतका मान देणाऱ्या परंपरेच्या नावावर आपण क्रीम चीज खातो आहोत.

ही परंपरा पोथीत बंद पडलेली नाही. वाकायामा प्रांतातल्या कोया पर्वतावर, जिथे कूकाई यांनी ८१६ मध्ये मठ स्थापण्याची सुरुवात केली, तिथली पन्नासेक मंदिरं आज प्रवाशांना मुक्कामाला ठेवतात आणि संध्याकाळी लाखेच्या तबकांत शोजिन जेवण वाढतात. त्यातला गोमा-दोफू जवळून बघण्यासारखा आहे. तीळ खाचांच्या मातीच्या कुंड्यात लाकडी बत्त्याने घोटतात, इतके की तेल सुटून लोणी होतं. त्यात पाणी आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व मिसळून मंद आचेवर ठेवतात. मग वीस-पंचवीस मिनिटं हात थांबवायचा नाही. मिश्रण आधी दुधासारखं पातळ, मग गुठळ्या धरू पाहणारं, मग एकाएकी जड आणि चकचकीत होतं. उलथनं उचललं की ओघळत नाही, ताणलं जातं. साच्यात ओतून गार झालं की चौकोनी वड्या कापतात, वर वसाबीचा ठिपका आणि सोया सॉसचे दोन थेंब. दिसायला टोफू, पण त्यात सोयाबीनचा दाणाही नाही. तीळ, पाणी आणि सत्त्व. कुझू मिळालं नाही तर आरारूटवरही काम भागतं. संक्रांतीला किलोकिलोने तीळ घेणाऱ्या महाराष्ट्रात हा पदार्थ एकाही मॉलच्या मेन्यूवर का असू नये?

सुशीचंही तसंच. तोक्योच्या जुन्या पद्धतीच्या सुशीत कानप्यो माकी हा रोल पक्का मुरलेला आहे. नुसतं 'नोरीमाकी' म्हटलं तरी जुन्या दुकानांत तोच समोर येतो. कानप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्याच जातीच्या फळाच्या लांबलचक, पट्टीसारख्या सोललेल्या आणि उन्हात वाळवलेल्या फिती. जपानातलं कानप्यो जवळजवळ सगळं तोचिगी प्रांतातून येतं. फिती भिजवायच्या, मीठ लावून चोळायच्या, उकडायच्या, मग सोया सॉस आणि साखरेत मंद शिजवायच्या. त्या मऊ, तपकिरी, किंचित चिवट होतात आणि शिरक्यातल्या भातासोबत त्यांचा गोडसर खारेपणा सुरेख जमतो. एवढंच पाहायचं, की शिजवताना वापरलेली दाशी माशाची नसावी. पनीर सुशीला नाव ठेवण्याचा हेतू नाही, पण ज्या देशाने दुधीची सुशी करून ठेवली आहे, त्या देशाचं नाव लावून पनीरच का खायचं?

तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भात भरलेली इनारीझुशी आहे. मुरवलेल्या मुळ्याचा रोल आहे. आणि नासू देंगाकू आहे: वांगं उभं चिरायचं, गरावर आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, मऊ होईपर्यंत भाजायचं, वर गोडसर मिसोचा लेप देऊन पुन्हा आच दाखवायची, की लेप बुडबुडतो आणि कडा करपतात. कृष्णाकाठच्या वांग्यांना याहून चांगला परदेशी पाहुणचार मिळणं कठीण.

माशाशिवाय दाशीला ती चव येणार नाही, असा आक्षेप शेफ मंडळींकडून येतो. याचं उत्तर जपानी रसायनशास्त्रज्ञांनीच देऊन ठेवलं आहे. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. कात्सुओबुशीतला इनोसिनेट १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी शोधला. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांच्या संशोधनातून ग्वानिलेटची चव पुढे आली, आणि हा ग्वानिलेट वाळवलेल्या शिताके आळिंबीत भरपूर असतो. ग्लुटामेटला या दोहोंपैकी कुणाचीही जोड मिळाली की चव नुसती वाढत नाही, कैक पटींनी चढते. म्हणजे कोम्बू आणि कात्सुओ एकत्र जे करतात, तेच कोम्बू आणि शिताके करू शकतात. मठातल्या आचाऱ्यांनी हे जिभेने आधीच ओळखलं होतं. वास वेगळा येईल, पण खोली तीच.

थायलंडची गोष्ट थोडी निराळी. तिथले थेरवाद भिक्षू भिक्षेत येईल ते घेतात, त्यात मांस-मासेही असतात. त्यामुळे बौद्ध देश म्हणजे शाकाहारी देश, असं समजून बँकॉकला उतरणाऱ्याची निराशा होते. तरीही तिथे शाकाहाराच्या दोन ठसठशीत धारा आहेत. एक सांति असोक या सुधारणावादी पंथाची. १९८५ मध्ये बँकॉकचे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले चामलोंग श्रीमुआंग याच पंथाचे अनुयायी आणि कडक शाकाहारी. पंथाच्या उपाहारगृहांत साधं, स्वस्त शाकाहारी जेवण मिळत आलं आहे.

दुसरी धारा अधिक रंगतदार. चिनी वंशाच्या थाई लोकांचा 'जे' उत्सव. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस लाखो माणसं मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूण वर्ज्य करतात. फुकेतमध्ये हा उत्सव सगळ्यांत मोठा. तिथल्या परंपरेप्रमाणे १८२५ मध्ये कथू गावात आलेली चिनी नाटक मंडळी आजारी पडली आणि या व्रताने बरी झाली, तेव्हापासून तो सुरू आहे. बँकॉकच्या याओवरात भागातही रस्ते पिवळ्या पताकांनी भरून जातात. पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दिसलं, की त्या गाडीवर नाम प्ला नाही, कापी नाही, अंडंही नाही. नाम प्लाची जागा सोया सॉस आणि आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घेते. सूप आळिंबी आणि मुळ्याचं. नूडल्स, करी, तळलेले पदार्थ, सगळं त्या नऊ दिवसांत त्या चौकटीत बसवलं जातं. जैन पद्धतीचं जेवण मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कांदा-लसूण वगळलेलं थाई जेवण शक्यच नाही, असं सांगणाऱ्या हॉटेलाने एकदा याओवरातची वाट धरावी.

आपल्याकडच्या सहल कंपन्या बँकॉक-पटायाला नेतात तेव्हा दोन्ही वेळच्या भारतीय जेवणाची हमी जाहिरातीतच देतात. वयस्क प्रवाशांची सोय म्हणून ते ठीकच. पण ऑक्टोबरात बँकॉकमध्ये असूनही पिवळ्या पताकेखालचा एक वाडगा न खाता परत येणं ही मोठी हुकलेली संधी आहे.

'मग खरी जपानी, खरी थाई चवच हवी, असं म्हणा ना सरळ,' असं कुणी विचारेल. तसं म्हणणं मात्र इतिहासाला धरून होणार नाही. दोन्ही पाककला उसनवारीवर वाढल्या आहेत. टेम्पुरा ही तळण्याची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांसोबत जपानात पोचली, आणि नागासाकीला जाणारी त्यांची व्यापारी जहाजं गोव्याहूनच निघत, मलाक्का आणि मकाव करत पुढे जात. थाई जेवणाचा प्राण असलेली मिरचीही त्याच व्यापारातून सयामला आली. सयामच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयात, १६६४ मध्ये जन्मलेल्या मारिया गुयोमारचे वडील गोव्याहून आलेले, आई जपानातल्या छळातून निसटलेल्या ख्रिस्ती घराण्यातली. अंड्याच्या बलकाच्या सोनेरी सुतरफेणीसारखा फोई थोंग आणि त्याच्या जातीची थाई मिठाई तिनेच रुजवली, असं परंपरा मानते. गोवा, जपान आणि सयाम एका बाईच्या चुलीवर एकत्र आले होते.

अलीकडचे दाखलेही कमी नाहीत. पॅड थाई हा थायलंडचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवतो, पण त्याचा प्रसार झाला तो फिबुनसोंग्राम पंतप्रधान असताना, राष्ट्रवादाच्या मोहिमेत; त्याच काळात, १९३९ मध्ये, सयामचं थायलंड झालं. सुशीवरचा नारिंगी सामनही जपानी रूढी नव्हे. परजीवींच्या भीतीने जपानी लोक पॅसिफिकमधला सामन कच्चा खात नसत. नॉर्वेने १९८०च्या दशकात मोहीम काढून आपला मत्स्यशेतीतला सामन जपानी सुशीवाल्यांच्या गळी उतरवला. भात बाहेर आणि शेवाळ आत असलेला कॅलिफोर्निया रोल तर उत्तर अमेरिकेतच जन्मला. थायलंड सरकारने २००२ मध्ये जगभर थाई हॉटेलं वाढवण्याची योजना आखली, कर्ज आणि प्रशिक्षण दिलं, पुढे 'थाई सिलेक्ट'चं मानचिन्ह सुरू केलं. चव प्रवास करते ती अशीच, आणि वाटेत बदलते.

तेव्हा पुण्यातल्या शेफने सुशीत लोणचं घातलं, तिखट मेयॉनीज ओतलं, तरी त्यात पाप काही नाही. तक्रार बदलाबद्दल नाही. या सगळ्या बदलांमागे कुणीतरी हाती असलेल्या गोष्टीचा नीट विचार केला होता: एदोमधल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या गिऱ्हाइकाचा, लॉस एंजेलिसमध्ये मिळणाऱ्या अ‍ॅव्होकाडोचा, फुकेतमधल्या व्रताचा. आपल्या शाकाहारी पानामागे असा विचार दिसत नाही. तिथे दिसते ती उणे-अधिक करून काढलेली सोय.

गिऱ्हाइकाकडेही काही जबाबदारी येते. थाई जेवण एकेकट्याच्या वाडग्यासाठी रचलेलंच नाही. मध्यभागी भात, भोवती चार-पाच पदार्थ, सगळ्यांनी मिळून थोडं थोडं घ्यायचं. उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्याने त्यात घास लोटायचा. एक आंबट-तिखट सूप, एक कोशिंबीर, एक नारळाच्या दुधातली करी, एक परतलेली पालेभाजी असा मेळ जमला, की आंबट, खारट, गोड आणि तिखट एकमेकांना सावरतात. आपल्याकडे चार जण जातात आणि चौघंही नारळाच्या दुधातली करीच मागवतात, मग निम्म्यावर येऊन 'फारच गोड आहे हो' म्हणतात. शेजारी कच्च्या पपईचा सोम तम असता तर ती गोडी बोचली नसती. सोम तमही शाकाहारी करता येतो: मातीच्या उभ्या खलात लाकडी बत्त्याने मिरची-लसूण ठेचायचे, ताडाचा गूळ, लिंबू, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, मग पपईच्या काड्या टाकून एका हाताने बत्ता आणि दुसऱ्या हाताने पळी चालवायची, जेणेकरून काड्या चेचल्या जातील पण मोडणार नाहीत. सुकटीऐवजी जास्तीचे शेंगदाणे, नाम प्लाऐवजी सोया सॉस आणि चिमूटभर मीठ.

खर्चाचं कारण टिकणारं नाही. विमानाने येणाऱ्या माशाची बर्फावर जपणूक करणारं हॉटेल वाळवलेला कोम्बू आणि शिताके ठेवू शकत नाही, हे पटण्यासारखं नाही. दोन्ही वजनाला हलके, महिनोन्‌महिने टिकणारे. तीळ, वांगी, दुधी, टोफू, कच्ची पपई, गवती चहाच्या बुंध्याचा पांढरा भाग, भाजीवाला एरवी छाटून टाकतो ती कोथिंबिरीची मुळं, हे तर मंडईतच मिळतं. शिकवणारी माणसंही दूर नाहीत. पुण्यात जपानी भाषा शिकलेल्यांच्या पिढ्या आहेत, कामानिमित्त वर्षानुवर्षं जपानात राहून आलेले अभियंते आहेत, चाकण आणि सुप्याच्या कारखान्यांमुळे येणारी जपानी कुटुंबं आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं, तर शोजिनच्या ताटातले चार पदार्थ सहज सांगतील.

सुरुवात कधी करायची, याचं उत्तर पंचांगातच आहे. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस आणि आपलं शारदीय नवरात्र, अधिक महिन्याचा फरक पडतो ती वर्षं सोडली, तर एकाच सुमारास येतात. २०२३ आणि २०२४ मध्ये तर दोन्हींचा आरंभ एकाच दिवशी झाला. मुंबईतली आणि पुण्यातली अनेक घरं त्या नऊ दिवसांत मांसाहार थांबवतात, कांदा-लसूणही बंद करतात. मांसाहारी पदार्थांवर चालणाऱ्या हॉटेलांचा धंदा तेव्हा थंडावतो आणि साबुदाणा खिचडीच्या थाळ्यांच्या पाट्या लागतात. नवरात्राचा कडक उपास करणारे भात-नूडल्स खाणार नाहीत, पण नुसतं सामिष सोडणाऱ्यांची संख्या काही कमी नाही. त्यांच्यासाठी थाई हॉटेलांनी दारावर पिवळी पताका लावून नऊ दिवसांचा 'जे' मेन्यू ठेवावा, फुकेत आणि याओवरातच्या गाड्यांवर मिळतो तसा. शेजारच्या जपानी हॉटेलाने त्याच आठवड्यात कोम्बू-शिताकेच्या दाशीवर शोजिनचं तबक वाढावं: गोमा-दोफू, नासू देंगाकू, कानप्यो माकी, मिसो सूप. येत्या आश्विनासाठी साहित्य मागवायचं तर श्रावणातच ऑर्डर द्यावी लागेल.